द्रावणातील आयनांचा हिशेब

मिठाचे आणि साखरेचे पाणी दिसायला सारखेच नितळ असले, तरी वीज वाहून नेण्याच्या बाबतीत त्या दोहोंत मूलभूत अंतर आहे. मिठाच्या स्फटिकात सोडियम व क्लोरीन मुळातच आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, रूपात असतात. पाणी त्यांना केवळ सुटे करते आणि हे सुटे आयन द्रावणातून वीज वाहून नेतात. अशा पदार्थाला तीव्र विद्युत अपघटनी पदार्थ किंवा तीव्र इलेक्ट्रोलाइट म्हणतात. साखरेचा रेणू मात्र विरघळूनही अखंड आणि भाररहित राहतो, म्हणून साखर, ग्लुकोज, युरिया हे पदार्थ इलेक्ट्रोलाइट ठरत नाहीत.

खरे कुतूहल वाटावे ते या दोहोंमधल्या सौम्य इलेक्ट्रोलाइटविषयी. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाच्या 0.1 मोलर द्रावणात, म्हणजे लिटरमागे सुमारे 6 ग्रॅम आम्ल असताना, शंभरांतील जेमतेम एका रेणूचे विचरण होते, म्हणजे तो फुटून त्याचे आयन होतात. बाकीचे अखंड राहतात. फुटणे आणि पुन्हा जुळणे या दोन्ही क्रिया तिथे एकाच वेळी, सारख्याच वेगाने चालू असतात. हेच द्रावण शंभरपट विरल केले, तर फुटलेल्या रेणूंचे प्रमाण शेकडा 13 च्या आसपास जाते, कारण दूर पांगलेल्या आयनांची पुन्हा गाठ पडणे अवघड होते.

‘तीव्र’ या शब्दाने होणारा घोटाळा येथेच दूर करायला हवा. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काच खाते, तरीही विरल द्रावणात ते सौम्यच गणले जाते. उलट, विरीचा चुना लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमही विरघळत नाही, पण जेवढा विरघळतो तेवढा जवळजवळ सगळा आयनरूप होत असल्याने तो तीव्र ठरतो. दाहकता किंवा विद्राव्यता हा या वर्गीकरणाचा निकषच नव्हे.

विद्युतप्रवाह सोडलेला नसतानाही द्रावणात आयन सुटे असतात, हे स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी 1887 मध्ये ठामपणे मांडले. त्यांच्या 1884 च्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने अगदी खालची श्रेणी दिली होती. त्याच संशोधनाच्या वाटेवर त्यांना 1903 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या बाजूचा एक भक्कम पुरावा विजेशी संबंधित नव्हताच, तो गोठणबिंदूचा होता. विरघळलेल्या कणांची संख्या जितकी अधिक, तितका पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो; आणि साखरेइतकेच मोल मीठ विरल द्रावणात तो जवळजवळ दुप्पट खाली नेते, तर ॲसेटिक आम्ल साखरेहून किंचितच अधिक.