सहल, सामना आणि सूर्यास्त

वैशाख लागला की अकलूजमधील व्यापारी घरांत दोन वेळापत्रके एकाच वेळी पाहिली जातात. एक लग्नतिथींचे. दुकानात गादीमागच्या दिनदर्शिकेवर त्याच्या खुणा केलेल्या असतात. बस्ते कधी बांधले जाणार आणि कोणत्या आठवड्यात दुकानातून माणूस हलू शकणार नाही, हे त्यावरून ठरते. दुसरे वेळापत्रक आयपीएलच्या सामन्यांचे. परीक्षा संपवून मोकळ्या झालेल्या मुलामुलींना ते तोंडपाठ असते. पूर्वी सुट्टीतील सहल म्हणजे आजोळ, एखादे तीर्थक्षेत्र आणि फार तर महाबळेश्वर. आता ‘आधी वानखेडेवर सामना पाहू, मग पुढे कुठे जायचे ते ठरवू’ असा उलटा प्रस्ताव जेवणाच्या वेळी मांडला जातो आणि वडीलधाऱ्यांना त्यावर होय किंवा नाही म्हणावे लागते.

खेळ पाहण्यासाठी प्रवास करणे या मुलखाला नवे नाही. चैत्र-वैशाखात गावोगावी जत्रा भरत आणि जत्रेच्या निमित्ताने कुस्त्यांचे मैदान होई. रेवडी-नारळाच्या कुस्त्यांपासून सुरुवात होऊन दिवस मावळता मावळता मोठी जोड लागे. माळशिरस तालुक्यातील व्यापारी कापडाचे गठ्ठे गाडीत घालून जत्रेला जात, दिवसभर पाल ठोकून धंदा करीत आणि अखेरच्या कुस्त्यांना आखाड्याच्या कडेला उभे राहत. अकलूज तर कुस्तीच्या शौकाचेच गाव. महाराष्ट्र केसरीचे मैदानही त्याने पाहिले आहे. मात्र जत्रेतील मैदान ठरल्या तिथीला, ठरल्या गावी होत असे. क्रिकेटच्या आजच्या हंगामाची तशी खात्री देता येत नाही आणि सहलीच्या आखणीतील खरी अडचण तेथूनच सुरू होते.

मागील वर्षांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. आयपीएल २००८ साली सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी लोकसभा निवडणुकीमुळे ती संपूर्ण स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली. २०१४ च्या निवडणुकीत पहिला टप्पा संयुक्त अरब अमिरातीत झाला. २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटले आणि तेथील सामने अनपेक्षितपणे पुण्याजवळील गहुंजे येथे आले. २०२० ची स्पर्धा महामारीमुळे परदेशात झाली. २०२४ मध्ये पुन्हा निवडणूक असल्याने वेळापत्रकच दोन हप्त्यांत जाहीर झाले. २०२५ मध्ये ८ मे रोजी धरमशाला येथील सामना अर्ध्यावर थांबवून प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धाच स्थगित झाली. १७ मे रोजी ती पुन्हा सुरू झाली. परंतु २५ मे रोजी कोलकात्यात ठरलेला अंतिम सामना ३ जून रोजी अहमदाबादेत खेळला गेला. कोलकात्याची तिकिटे आणि खोल्या आधीच घेऊन ठेवणाऱ्यांची अवस्था काय झाली असेल, हे सांगायला नको.

सोलापूर जिल्ह्यातील वाचकांना २०१६ विशेष आठवत असेल. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. राज्य दुष्काळाने होरपळत असताना खेळपट्ट्यांवर पाणी घालावे काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश झाला. अंतिम सामना मुंबईहून बंगळूरला गेला; पुण्याच्या संघाला विशाखापट्टणमला घर करावे लागले. ज्यांच्या गावात टँकरची वाट पाहिली जात होती, त्यांना तो आदेश योग्यच वाटला. तरी ज्या घरांनी मे महिन्याची सहल पुण्यातील सामन्याभोवती गुंफली होती, त्यांची सहल त्या आदेशाने मोडली.

म्हणून खुंटी कोणती आणि टोपी कोणती, हे आधी ठरवावे. तीर्थयात्रा, नातलगांची भेट किंवा थंड हवेचे ठिकाण ही खुंटी. सामना ही तिच्यावर अडकवायची टोपी. सामना रद्द झाला, दुसऱ्या शहरी गेला किंवा वळिवाने धुऊन निघाला, तरी उरलेली सहल जशीच्या तशी उभी राहिली पाहिजे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळते. अकलूजला रेल्वे नसल्याने कुर्डुवाडी, सोलापूर किंवा पुणे गाठावे लागते, म्हणून प्रवासाचे आरक्षण सामन्याच्या तिकिटाआधी पक्के करणे श्रेयस्कर. सामन्याचे तिकीट शेवटी घ्यावे आणि मिळाले नाही तर हळहळू नये.

मुंबईचेच उदाहरण घ्यावे. अकलूजहून इंदापूरमार्गे पुणे सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. मुंबई त्याहून पुढे दीडशे. वानखेडे स्टेडियम चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्थानकांच्या मधे, रूळांना लागून आहे. तेथून गिरगाव, भुलेश्वर, पायधुणी हा जुन्या व्यापारी मुंबईचा भाग जवळ पडतो. पायधुणीचे गोडीजी पार्श्वनाथ मंदिर, वाळकेश्वरचे आदीश्वर मंदिर, भुलेश्वरचा पांजरपोळ हे सारे एका दिवसात होते. सी. पी. टँकची हिराबाग धर्मशाळा जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाची आहे. तेथून चर्नी रोड स्थानक पायी गाठता येते आणि पुढे लोकलने दोनच स्थानके. मुक्काम त्या परिसरात ठेवला, तर सामन्याच्या दिवशी मोटार काढण्याची गरज राहत नाही.

वानखेडेबद्दल व्यापारी वाचकांनी दोन गोष्टी मुलांना अवश्य सांगाव्यात. हे मैदान उभे राहिले तेच तिकिटांच्या वाटणीवरील भांडणातून. सामने ब्रेबॉर्नवर होत आणि मुंबई क्रिकेट संघटनेला तेथे पुरेशा जागा मिळत नसत. तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र मैदान बांधण्याचा निश्चय केला आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. दुसरी गोष्ट तेथील एका स्टँडला ज्यांचे नाव आहे त्या विजय मर्चंट यांची. त्यांचे घराणे कापड गिरण्यांचे मालक ठाकरसी. शाळेत नाव घालताना बाईंनी वडिलांचा धंदा विचारला आणि पटावर ‘मर्चंट’ हेच आडनाव लागले, असे सांगतात. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ७१.६४ धावांची सरासरी राखणारा हा फलंदाज सरासरीत केवळ ब्रॅडमनच्या मागे होता आणि गिरणीचा कारभारही पाहत होता.

सामना बंगळूरचा असेल तर श्रवणबेळगोळ हीच खुंटी. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. चामुंडरायाने इ.स. ९८१ च्या सुमारास प्रतिष्ठापिलेली बाहुबलींची अखंड मूर्ती पाहण्यासाठी विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढाव्या लागतात. उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत खाली उतरावे, नंतर खडक पायाला सोसवत नाही. अहमदाबादेत १ लाख ३२ हजार आसनांचे मैदान आहे, हठीसिंगांचे १८४८ चे देरासर आहे, आणि पुढे तारंगा व ईडर आहे. आपल्या भागातील अनेक हुमड घराण्यांचे मूळ ईडरकडचे. नातवंडांना ते गाव दाखविण्यास सामन्याचे निमित्त मिळाले, तर काय वाईट?

आता मुख्य प्रश्न, ज्यावर बहुतेक घरांत वाद होतो. आयपीएलचा सामना सायंकाळी साडेसातला सुरू होतो आणि साडेअकराच्या सुमारास संपतो. मे महिन्यात मुंबईचा सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. म्हणजे चौविहार करणाऱ्यांसाठी पहिला चेंडू पडण्यापूर्वीच अन्नपाण्याचा त्याग झालेला असतो. मुंबईच्या दमट उष्म्यात, घामाघूम गर्दीत, पाण्याचा थेंब न घेता चार तास बसायचे आणि दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत थांबायचे, हे तरुणांना जमेल. सत्तरीच्या माणसाला ते सांगणे योग्य नाही. अनेक घरांत यातून दोनच वाटा काढल्या जातात. ज्येष्ठांना मुक्कामी ठेवणे ही एक आणि ‘एक दिवस चालते’ म्हणून नियम मोडणे ही दुसरी. या दोन्ही वाटांनी सहलीची चव जाते.

तिसरी वाट वेळापत्रकातच आहे. ज्या दिवशी दोन सामने असतात, त्या दिवशी पहिला दुपारी साडेतीनला सुरू होतो आणि असे दिवस बहुधा शनिवार-रविवारचे असतात. सकाळी दर्शन-पूजा, साडेबारापर्यंत पोटभर जेवण, अडीचला प्रवेश. सव्वापाचच्या सुमारास डाव बदलतो; तेवढ्या मध्यंतरात पाणी आणि काही अल्पोपाहार होतो. बाहेरचे खाद्यपदार्थ व पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत, म्हणून डब्यातील खाखरे-मेथीपुरी बाहेरच राहणार, हे गृहीत धरावे. आत मिळणाऱ्या पदार्थांत कांदा-बटाटा नसलेले काय सापडेल याची शाश्वती नाही. फळे किंवा बंद पाकिटातील साधे पदार्थ एवढ्यावर भागवावे लागते. त्या दिवशी एकासणे करणाऱ्याला हा प्रश्नच उरत नाही, हेही खरे. दुपारच्या उन्हाचा त्रास मात्र असतो. आसने पश्चिम बाजूची घ्यावीत. पूर्वेकडे बसणाऱ्याच्या डोळ्यांवर अखेरपर्यंत ऊन येते. उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी मात्र मैदानाचा हट्ट न धरणे बरे.

खर्चाबाबत एकच सांगण्यासारखे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावरील जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. मूळ किंमत दोन हजार धरली, तर पूर्वीचे २,५६० रुपयांचे तिकीट आता २,८०० चे होते. चौघांचे कुटुंब ११,२०० रुपये मोजते आणि त्यातील ३,२०० सरकारजमा होतात. घरगुती सहलीवरील हा कर दुकानाच्या खात्यात वजावटीस मिळत नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे. तिकीट केवळ अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे.

गर्दीचा विचार यापेक्षा अधिक गांभीर्याने करावा लागतो. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत अकरा जणांचे प्राण गेले. तो सामन्याचा दिवस नव्हता. प्रवेशाबाबत गोंधळ होता आणि दारे अरुंद होती. लहान मुलांसह जाणाऱ्यांनी वेळेच्या बराच आधी आत जावे, सामना संपल्यावर अर्धा तास जागेवरच बसावे आणि विजयाच्या मिरवणुका दूरचित्रवाणीवर पाहाव्यात.

एवढे सव्यापसव्य करण्यापेक्षा घरीच सामना पाहिला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते वेगळ्याच ठिकाणी. सप्तव्यसनांत द्यूताचा क्रम पहिला आहे आणि आपल्या व्यापारी समाजाला त्याचा मोह जुना आहे. पाऊस पडेल की नाही यावर कोलकात्याच्या बडाबाजारात इतका सट्टा चाले की, तो थांबविण्यासाठी १८९७ साली कायदा करावा लागला. क्रिकेटने त्या मोहाला दर चेंडूला एक संधी दिली. २०१३ च्या सट्टेबाजी प्रकरणानंतर न्यायमूर्ती लोढा यांच्या समितीने चेन्नई आणि राजस्थान या संघांना दोन वर्षे बाहेर ठेवले. २०१६ व २०१७ मध्ये पुण्याला संघ मिळाला तो त्या रिकाम्या जागेवर. पुढे संघ जुळवून पैसे लावण्याचे खेळ मोबाइलवर आले आणि ते ‘कौशल्याचे’ म्हणून घराघरांत शिरले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि भारतीय संघाच्या पोशाखावरील अशाच एका कंपनीचे नाव उतरले. कायद्याने जाहिरात थांबली. खोलीचे दार लावून बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या हातातील मोबाइलमध्ये काय चालले आहे, ते कायद्याला दिसत नाही. मैदानावर तोच मुलगा वडील, काका आणि चुलत भावंडांच्या मधे बसलेला असतो. क्षेत्ररक्षक कसा हलतो, दूरचित्रवाणीत न दिसणारा फलंदाज दुसऱ्या टोकाला काय करतो, हे तो त्यांना समजावून सांगतो. तेथे पैसे लावले जात नाहीत असे नव्हे. पण त्याच्या घरच्यांना त्याचा छंद प्रथमच जवळून कळतो आणि नंतर त्याच्याशी त्या विषयावर बोलता येते. अनेक घरांत बापलेकांमध्ये बोलण्याचा तेवढाच एक विषय शिल्लक असतो.

राहता राहिला दुकानाचा प्रश्न. थोरल्याने गादीवर थांबायचे आणि धाकट्याने मुलांना घेऊन जायचे, हा रिवाज वर्षानुवर्षे तसाच चालू राहतो. त्यात आळीपाळी असावी. लग्नतिथी नसलेला रविवार पाहिला, तर दोघेही निघू शकतात. स्त्रियांनाही आधी विचारावे. सांगलीजवळच्या माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाच्या संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकल्यापासून सामन्याचा हट्ट धरणारी घरातील मुलगीच असते. आणि सुनेला आदल्या रात्री बारा माणसांचा फराळ करीत जागावे लागणार असेल, तर फराळ विकत आणावा. अकलूजच्या बाजारात तो चांगला मिळतो.