घरचा संगणक मध्येच बंद पडतो? दुकानात नेण्याआधी हे तपासा

तानसा नदीकाठचे अकलोली वज्रेश्वरीला येणाऱ्या भाविकांना ठाऊक आहे ते गरम पाण्याच्या कुंडांमुळे. अशा गावात घरचा संगणक वारंवार बंद पडू लागला, की सीपीयूचा डबा दुचाकीवर पुढ्यात धरून अंबाडी नाका किंवा थेट भिवंडी गाठायची. दुकानात तो दोन तास सुरळीत चालतो. घरी आणला की पुन्हा बंद. दुसऱ्या फेरीत ‘मदरबोर्ड गेला असेल’ हे वाक्य कानावर येते आणि काही हजारांचा खर्च समोर उभा राहतो.

वास्तविक दुकानात चालणे आणि घरी बंद पडणे हाच सर्वांत मोठा पुरावा असतो. दुकानात फक्त डबा जातो. घरचा यूपीएस, वायर, सॉकेट, वीजपुरवठा आणि टेबलाखालची कोंदट जागा घरीच राहते. दोष बहुधा तिथेच असतो.

नेमका केव्हा बंद पडतो?

डबा उघडण्याआधी चार दिवस वहीत नोंद करावी. किती मिनिटांनी बंद पडला, तेव्हा काय चालू होते, घरातला दिवा लुकलुकला का, पंप किंवा फ्रिज सुरू झाला का. सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटांनी, विशेषतः व्हिडिओ किंवा गेम चालू असताना बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. वेळेचा काहीच नेम नसेल आणि दिव्याशी संबंध दिसत असेल, तर वीजपुरवठा पाहावा. बटण दाबताच दोन-तीन सेकंदांत बंद होत असेल, तर एसएमपीएस, सैल झालेली रॅम किंवा आतच कुठे तरी शॉर्ट असण्याची शक्यता जास्त.

विंडोजही स्वतःची नोंद ठेवते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘सिस्टीम’ या भागात ‘कर्नल-पॉवर’ क्रमांक ४१ किंवा क्रमांक ६००८ दिसला, तर संगणक रीतसर बंद झालेला नाही एवढे कळते. उष्णतेने बंद झाला की वीज गेल्याने, हे त्यावरून ठरत नाही. क्रमांक १०७४ असेल, तर मात्र विंडोजनेच किंवा एखाद्या प्रोग्रॅमने बंद करण्याचा आदेश दिला होता. अशा वेळी अपडेट आणि टायमर तपासावेत, डब्याला हात लावू नये.

आधी यूपीएस, मग बाकीचे

यूपीएस आहे म्हणजे विजेची काळजी मिटली, हा समज अनेकांना महागात पडतो. त्यातली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. बाहेरून हिरवा दिवा लागलेला असतो, पण वीज क्षणभर गेली तरी थकलेली बॅटरी भार पेलत नाही आणि संगणक बंद होतो. एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर वीज नसताना जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारी लुकलुकही पुरेशी ठरू शकते.

चाचणी सोपी आहे. यूपीएस पूर्ण चार्ज करावा, संगणक काढून त्यावर टेबल लॅम्प लावावा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढावा. दिवा लगेच विझला तर बॅटरी बदलायची वेळ झाली. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलेला असेल तर तोही काढावा. तापताना तो एकदम मोठा भार ओढतो.

घरी इन्व्हर्टर असेल, तर त्याच्यावर किंवा मागे यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असा खटका आहे का ते पाहावे. संगणकासाठी तो यूपीएसवर हवा. दुसऱ्या स्थितीत बॅटरीवर जायला इन्व्हर्टर जास्त वेळ घेतो. पंखा आणि दिव्याला त्याने फरक पडत नाही, संगणकाला पडतो.

पंप सुरू होताच दिवे मंद होत असतील, तर घरातले जोड किंवा बाहेरून येणारा पुरवठा कमकुवत आहे. काही दिवे मंद आणि काही एकदम प्रखर होत असतील, तर न्यूट्रल सैल असू शकतो. मेन स्विच बंद करून वायरमन आणि वीज कंपनीला कळवावे, यात थांबू नये. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येणे हे अर्थिंग नसल्याचे लक्षण आहे. त्याने संगणक बंद पडेलच असे नाही, पण ते तसेच सोडण्यासारखे नाही.

उष्णता आणि धूळ

कुंडाच्या वाफेला दोष देण्याची घाई नको. घरात साचलेली धूळ त्याहून मोठी आरोपी आहे. यंत्रमागांच्या भिवंडी परिसरात तर धुळीत कापसाचे तंतूही येतात. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली त्यांची गोधडी तयार होते आणि हवा आत जातच नाही. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आधी वेग कमी करतात आणि तरीही तापमान चढत राहिले तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक थेट बंद करतात. तापमान बायोसमध्ये किंवा ‘एचडब्ल्यूमॉनिटर’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते.

सफाईसाठी प्लग काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे. मग मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरावा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाही तर ती वाऱ्याने वेड्यासारखी फिरून बेअरिंग बिघडते. ओले फडके नको. बरीच वर्षे झाली असतील, तर थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. मागे वीतभर जागा सोडावी आणि ते हौसेने शिवलेले कव्हर संगणक चालू असताना काढून ठेवावे. पावसाळ्यानंतर आत पालीची अंडी किंवा मुंग्या सापडल्या, तर आश्चर्य नको.

रॅम काढून पुन्हा घट्ट बसवून पाहता येते. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. २३० व्होल्टवर चालणाऱ्या या डब्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ राहू शकतो. ओळखीच्यांकडचा किंवा दुकानातला चालू एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे, हीच त्याची खरी परीक्षा. स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॅट आणि प्रत्यक्ष मिळणारे वॅट यांत अंतर असते. नवे ग्राफिक कार्ड बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर संशय इथूनच सुरू करावा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तरच ‘मदरबोर्ड गेला’ या निदानाकडे वळावे.

दरम्यान, संगणक दिवसातून दहा वेळा चालू करून ‘बघू या’ म्हणण्याची सवय महाग पडते. लिहिणे चालू असताना वीज तुटली की फाइल अर्धवट राहते आणि जुन्या हार्ड डिस्कवर ताण येतो. मुलांचे प्रवेश अर्ज, दाखल्यांचे स्कॅन, लॉजचा हिशेब, लग्नाचे फोटो जे काही असेल, ते पहिल्या दिवशीच पेनड्राइव्हवर घ्यावे. दुरुस्तीचे काम त्यानंतर.

तरीही दुकानात न्यावे लागलेच, तर डब्यासोबत पॉवरची वायर आणि यूपीएसही न्यावा. ती चार दिवसांची वहीसुद्धा. दुरुस्ती करणाऱ्याला ‘बंद पडतो’ एवढे सांगण्याऐवजी ‘पंधरा मिनिटांनी, व्हिडिओ चालू असताना, दिवे न लुकलुकता बंद पडतो’ असे सांगितले, तर मदरबोर्ड बदलण्याआधी तो पंख्याकडे पाहील.