खाटेवरचा तृतीय पुरुष

व्याकरणात पुरुष तीन. बोलणारा तो प्रथम, ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय. धडधाकट माणूस दिवसभर या तिन्ही भूमिका सुखाने वठवीत असतो. पण तोच आजारी पडून खाटेवर आडवा झाला, की पहिल्या दोन भूमिका त्याच्याकडून काढून घेतल्या जातात. डॉक्टर मुलाला विचारतात, "यांना झोप लागली का?" परिचारिका सुनेला विचारते, "आजींनी औषध घेतलं?" आजी तिथेच असतात, शुद्धीवर असतात, कालच्या दुधात साखर कमी होती हेसुद्धा त्यांच्या लक्षात असते. पण त्यांना कोणी विचारीत नाही!

हे कोणी दुष्टपणाने करतो असे मुळीच नाही. उलट सारे मायेपोटी चालते. "आईला काही सांगू नका हं, डॉक्टर, तिला सोसायचं नाही," हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. म्हणूनच अशा ठिकाणी 'हक्क' हा शब्द आपल्या कानाला खटकतो. हक्क म्हटला की कोर्टकचेरी आठवते, नाही तर भाऊबंदकी. रुग्णाला हवी सेवा, हवी करुणा. तेथे हक्काचे काय काम?

काम आहे. करुणा ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. त्याची मर्जी फिरली किंवा तो थकला, की ती आटते. हक्काचे तसे नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात आधी 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशी शब्दयोजना होती. ती बदलून तेथे 'सर्व मानव' आले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता यांच्या आग्रहामुळे. याच जाहीरनाम्याच्या २५व्या कलमात वैद्यकीय मदत, आजारपण आणि वार्धक्य यांचा उल्लेख आहे.

हे तत्त्व आपल्याकडे कागदावरून खाटेपर्यंत कसे पोहोचले, ते पाहण्यासारखे आहे. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला एक मजूर आगगाडीतून पडला आणि त्याच्या डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. कुठे खाट नाही, कुठे यंत्र नाही! अखेर खाजगी रुग्णालयात त्याचा जीव वाचला. खर्च आला सुमारे १७,००० रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ साली न्यायालयाने सांगितले, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. मजुराला २५,००० रुपये भरपाई मिळाली.

दुसरे प्रकरण आपल्या घरांच्या अधिक जवळचे आहे. १९९५ साली दिल्लीत एक चव्वेचाळीस वर्षांच्या बाई तपासणीसाठी रुग्णालयात दाखल झाल्या. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी त्यांचे गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: बाई सज्ञान होत्या, जिवाला तातडीचा धोका नव्हता, त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते, तेव्हा आईची संमती ही संमतीच नव्हे. जीव वाचविण्याची घाई असेल तेव्हा गोष्ट वेगळी, हेही न्यायालयाने मान्य केले. पण एरवी आईची मायासुद्धा मुलीच्या शरीरावर सही करू शकत नाही, हे त्या निकालाने कायमचे ठरविले.

मनोरुग्णांची कहाणी तर याहून दारुण आहे. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पंचविसाहून अधिक जणांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी घातली. त्याबरोबरच सक्तीने मुंडण होऊ न देण्याचा आणि स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क दिला. आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याची सोयही केली. कपड्यांची बाब क्षुल्लक वाटते ना? पण आपले लुगडे आपण निवडणे ही माणूसपणाची शेवटची खूण असू शकते.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या सतरा हक्कांची सनद तयार केली. आजार काय, खर्च किती, हे समजून घेण्याचा हक्क तीत आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आहे. आपले कागदपत्र मिळण्याचा आहे. महाराष्ट्रातही २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. पुढच्या वेळी औषधांच्या रांगेत उभे असाल, तेव्हा ती भिंतीवर शोधा. दिसली नाही, तर नम्रपणे विचारा.

डॉक्टरांना वेळ कुठे असतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण "तुम्हाला कुठे दुखतंय?" हा प्रश्न मुलाऐवजी आईला विचारायला वेळ अधिक लागत नाही. आणि एखाद्या आजीला काही ऐकायचेच नसेल तर? तर तसे तिने सांगावे. "मला नको सांगू, तूच बघ," हा निर्णयसुद्धा तिचाच असला पाहिजे. आपण तो तिच्या वतीने गृहीत धरू नये.

कायदा रुग्णालयाच्या दारापर्यंत येतो. घराच्या आतल्या खोलीत मात्र तो आपणच न्यायचा असतो. आंघोळ सकाळी घालायची की दुपारी, दार लोटून घ्यायचे की उघडे ठेवायचे, भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना आत पाठवायचे की नाही, हे त्या खोलीतल्या माणसाला विचारून ठरवावे. दिवाळीत फराळाचे ताट त्या खोलीत जाईलच. नेणाऱ्याने घटकाभर खाटेजवळ बसावे आणि समोरच्या माणसाशी द्वितीय पुरुषात बोलावे.