निर्णय कुटुंबाचा, सोबत आपली



सातपुड्यातल्या पाड्यांवर फिरताना एखादी आई सांगते, "बाळ दूध पिताना दमतं, कपाळ घामानं भिजतं, वजन वाढत नाही." अशा वेळी मला हृदयाच्या जन्मजात दोषाची शंका येते. हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांना तो असतो. तो आईच्या चुकीमुळे किंवा ग्रहणामुळे होत नाही. हे मी आधी सांगते, कारण घरात पहिला ठपका तिच्यावरच येतो.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाला मी घाईघाईने शहरातल्या रुग्णालयात नेले. कागदावर अंगठा घेतला गेला, पण कशासाठी ते कोणालाच नीट कळले नव्हते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ते बाळाला घेऊन गावी परतले. चूक माझी होती. त्यांच्यासाठी निर्णय मीच घेऊन टाकला होता.

आता मी अंगणात बसून काठीने मातीत चार खोल्यांचे घर काढते. मधल्या भिंतीला भोक असले की रक्त नको तिकडे जाते आणि फुप्फुसांवर ताण येतो. मग तीन गोष्टी बोलतो: उपचार केला तर काय, नाही केला तर काय आणि किती दिवस थांबता येईल. लहान भोक कधी कधी आपोआप बुजते. तेव्हा वेळोवेळी तपासणी पुरते. काही भोके पायाच्या शिरेतून नळी घालून बंद करता येतात. मोठ्या भोकाला मात्र फार उशीर झाला, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात आणि मग शस्त्रक्रियाही करता येत नाही. धोका किती, हे डॉक्टरांनाच स्पष्ट विचारायला सांगते. खोटा धीर देत नाही.

गेल्या हिवाळ्यात दीड वर्षाच्या एका मुलीची आजी म्हणाली, "छाती फाडल्यावर पोर जगते का?" वडील ऊसतोडीला गुजरातेत होते. डॉक्टरांनी काही आठवडे थांबता येईल असे सांगितले होते. म्हणून फोनवर त्यांच्याशी बोललो आणि शस्त्रक्रिया झालेल्या एका मुलाला त्याच्या आईसह घरी आणले. आजीने त्याच्या छातीवरचा व्रण हाताने चाचपून पाहिला. होळीला वडील आले, घरातली सगळी बसली आणि त्यांनीच होकार दिला. आज ती मुलगी अंगणात धावते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी व शाळांत मुलांना तपासतात. शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा सरकारी योजनांतून भागतो. परंतु बुडालेली मजुरी, नातेवाइकांचा प्रवास व जेवण, घरी राहिलेल्या मुलांची काळजी यांचे काय? याच अडचणींपायी अनेकांचा होकार मागे पडतो. आपल्या देणगीतून आम्ही हाच भार उचलतो.

सध्या दोन कुटुंबे विचार करीत आहेत. त्यांना योग्य निर्णय वेळेत घेता यावा म्हणून प्रार्थना करा. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी रक्तदानासाठी आणि रुग्णालयात सोबतीसाठी आपली नावे पाळकसाहेबांकडे द्यावीत, ही नम्र विनंती.