सूक्ष्म बलांचे नकाशे व चर्मपत्रांची परीक्षा

जुन्या लेखाची परीक्षा करतांना आपण अक्षराचें वळण, शाई व मिती पाहतों. परंतु लेख ज्या पदार्थावर लिहिला, तो आंतून ढांसळूं लागला आहे कीं काय, हें नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं. युरोपांतील चर्मपत्रांविषयीं या प्रश्नाचा निर्णय करण्यास अणुबल-सूक्ष्मदर्शक नांवाचें यंत्र साह्य करतें. त्याची रीति व मर्यादा संग्राहकांस ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

बिनिग, क्वेट व गेर्बर यांनीं हें यंत्र सन १९८६ मध्यें प्रसिद्ध केलें. नांवांत ‘दर्शक’ शब्द असला तरी त्याचें कार्य स्पर्शाचें आहे. लवचीक पट्टीच्या टोकास बारीक सुई असते. तिच्या अग्राची त्रिज्या सुमारें १० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा लक्षांश. पृष्ठभागानें सुईस ओढलें किंवा लोटलें कीं पट्टी वांकते. आजच्या यंत्रांत पट्टीच्या पाठीवरून परावर्तन पावणारा लेसर किरण हें वांकणें दाखवितो. वांकणें बलाच्या प्रमाणांत असतें, हा रॉबर्ट हूक यानें सन १६७८ त प्रसिद्ध केलेला नियम लावून बलाचें मान काढतात. ‘मायक्रोग्राफिया’ (१६६५) या सूक्ष्मदर्शनावरील ग्रंथाचा कर्ता तो हाच.

नकाशा करतांना सुई प्रत्येक बिंदूवर टेकवून पुन्हां उचलतात. जवळ येतांना ती किती ओढली जाते, दाबल्यावर पृष्ठ किती दबतें, व सुटतांना किती बल लागतें, हें क्रमानें नोंदलें जातें. अशा असंख्य बिंदूंवरून आकर्षण, काठिण्य व चिकटपणा यांचे नकाशे तयार होतात.

चर्मपत्र कोलॅजेन तंतूंचें असतें. सुस्थितींतील तंतूवर सुमारें ६७ नॅनोमीटर अंतरानें पट्टे आढळतात. उष्णता व ओलावा यांच्या योगानें ही रचना मोडून तंतूचें जिलेटिन होतें व पट्टे नाहींसे होतात. असें पत्र वरून शाबूत दिसलें तरी दुरुस्तीसाठीं ओलें करणें घातक ठरतें. परीक्षेचें खरें महत्त्व येथें आहे.

तथापि साक्षीदाराची उलटतपासणी आवश्यक होय. मोजलेलें बल केवळ पत्राचें नसून सुई व पत्र या उभयतांचें असतें. अग्र झिजलें कीं मान बदलतें. दमट हवेंत दोहोंमध्यें पाण्याचा सूक्ष्म सेतु जमतो व चिकटपणा अधिक भासतो. म्हणून सुई, पट्टी व हवेची आर्द्रता यांची नोंद नसलेला नकाशा मिती नसलेल्या पत्रासारखा समजावा. शिवाय एका वेळीं तपासलेली जागा केंसाच्या जाडीएवढीच असते. एका अक्षरावरून जसा सबंध बखरीचा काळ ठरवूं नये, तसा एका नकाशावरून सबंध पत्राचा निकाल देऊं नये. परीक्षेस शक्यतों आधींच सुटलेला कणच द्यावा.

आपल्या दप्तरांतील कागद वनस्पतितंतूंचा असल्यामुळें वरील ६७ चा अंक त्यास लागू नाहीं. साक्ष तपासून घेण्याचा नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे.