पोट लहान झालं, पण भूक कुठे गेली?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीनव्हिल नावाचं शहर आहे. तिथले सर्जन वॉल्टर पोरीज आणि त्यांचे सहकारी 1980 पासून अतिलठ्ठ माणसांच्या जठराचं बायपास ऑपरेशन करत होते. हेतू अगदी साधा होता, वजन उतरवायचं. पण वॉर्डात भलतंच काही घडू लागलं. वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्या, रोज इन्सुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांची रक्तशर्करा ऑपरेशननंतर काही दिवसांतच ताळ्यावर यायची. काही दिवसांत! वजनाचा काटा तर अजून जेमतेम हललेला असायचा. 1995 साली त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा 146 मधुमेही रुग्णांपैकी 121 जणांची साखर नॉर्मल झालेली होती, आणि ती तशीच टिकलेली होती. एरवी रुक्ष मथळे देणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्या लेखाचा मथळाच मुळी ‘कुणाला वाटलं असतं?’ अशा अर्थाचा होता.

खरंच, कुणाला वाटलं असतं? कापलं जठर, आणि सुधारला मधुमेह?

तोवरची समजूत सोपी होती. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी 1966 साली हे बायपास ऑपरेशन पहिल्यांदा केलं. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढून टाकलेली माणसं रोडच राहतात, हे त्यांनी पाहिलं होतं. जठर लहान केलं की माणूस कमी खाईल आणि बारीक होईल, असा तर्क. धडधाकट माणसाच्या जठरात लिटरभर, थोडी जबरदस्ती केली तर दीड लिटरही अन्न मावतं. बायपासमध्ये त्याच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी शिल्लक ठेवतात आणि लहान आतडं पुढून उचलून थेट तिला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जातं. आज जगात सर्वाधिक होणारं ऑपरेशन मात्र ‘स्लीव्ह’ हे आहे. त्यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. गंमत म्हणजे स्लीव्ह हा आधी एका मोठ्या ऑपरेशनचा नुसता पहिला टप्पा होता. फारच वजनदार रुग्णांना सगळं एका दमात झेपणार नाही म्हणून डॉक्टर एवढंच करून थांबायचे. पुढच्या टप्प्यासाठी बोलवावं, तर बऱ्याच जणांचं वजन इतकं उतरलेलं असे की दुसऱ्या टप्प्याची गरजच उरत नसे.

पण पिशवी लहान झाली म्हणून माणूस बारीक झाला, हे उत्तर थोडं ताणलं की फाटतं. विचार करा, तुम्ही पंधरा दिवस अर्धपोटी राहिलात तर काय होईल? भूक कमी होईल की वाढेल? रात्री झोपेत पुरणपोळ्या दिसतील! ऑपरेशन झालेल्या माणसाला विचारा. तो चार चमचे वरण खाऊन म्हणतो, ‘बास, इच्छाच नाही.’ ही इच्छा गेली कुठे?

एक धागा 1999 साली जपानमध्ये सापडला. मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांना जठरात तयार होणारं एक संप्रेरक मिळालं, त्याचं नाव घ्रेलिन. जेवणाची वेळ जवळ आली की ते रक्तात चढतं आणि मेंदूला सांगतं, ‘चल, खायला बघ.’ त्याचा मोठा कारखाना जठराच्या वरच्या फुगीर भागात असतो. स्लीव्हमध्ये सर्जन नेमका तोच भाग काढतात! आणि डाएट करणाऱ्यांचं काय होतं? 2002 सालच्या एका अभ्यासात डाएटने सरासरी 17 टक्के वजन उतरवलेल्यांच्या रक्तातलं दिवसभराचं घ्रेलिन 24 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणजे जितके बारीक व्हाल तितकी भूक मोठी. त्याच अभ्यासातल्या बायपास झालेल्यांमध्ये ते अगदी तळाला होतं.

शरीर एवढ्यावरही थांबत नाही. अमेरिकेत वजन घटवण्याची स्पर्धा दाखवणारा एक टीव्ही कार्यक्रम होता. त्यातल्या 14 स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी 58 किलो उतरले होते, त्यातले 41 परत आले होते. आणि त्यांचं शरीर स्वस्थ बसल्या बसल्या जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी त्याहून रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही! लठ्ठ माणसाला ‘जरा मनावर ताबा ठेव’ असं सांगणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट वाचावा.

गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो ना? तुम्ही खालून कितीही पाणी काढा, फ्लोट खाली गेला की व्हॉल्व्ह उघडतो आणि पातळी पुन्हा होती तिथे येते. शरीराच्या चरबीचंही काहीसं असंच आहे. डाएट म्हणजे टाकीतून बादल्या उपसणं. मग ऑपरेशन काय करतं? ते फ्लोटची दांडीच वाकवतं.

हे उंदरांनी फार सुंदर दाखवून दिलं. स्लीव्ह केलेल्या उंदरांचं वजन उतरून एका ठिकाणी स्थिरावलं. मग संशोधकांनी त्यांना काही दिवस उपाशी ठेवून आणखी बारीक केलं आणि पुन्हा मोकळं अन्न दिलं. पोट लहान झाल्यामुळेच ते कमी खात असते, तर आता भरपाई करणं त्यांना जमायला नको होतं. पण त्यांनी भरपूर खाल्लं, ऑपरेशननंतरच्या त्या स्थिर वजनापर्यंत परत आले आणि तिथेच थांबले. जागा होती, खाता येत होतं, तरी पुढे खावंसं वाटत नव्हतं.

ही दांडी वाकवतं कोण? इथे आपली नजर जठरावरून काढून आतड्याकडे वळवावी लागते. आतड्याच्या अस्तरात ‘एल’ नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात, शेवटच्या भागात जास्त दाट. अन्न त्यांच्यापर्यंत पोचलं की त्या जीएलपी-1 आणि पीवायवाय ही संप्रेरकं सोडतात. निरोप असा: पुरे झालं, हात आखडता घ्या आणि इन्सुलिन सोडा. एरवी जठर अन्न हळूहळू पुढे ढकलतं, बराचसा भाग वरच्या वर शोषला जातो आणि ‘एल’ पेशींच्या वाट्याला उष्टं-खरकटं येतं. ऑपरेशननंतर अन्न धाडकन खाली पोचतं. आपल्याला वाटतं अरुंद जठरात अन्न तुंबून राहत असेल. उलट आहे, स्लीव्हची नळी आधीपेक्षा लवकर रिकामी होते! जेवणानंतर जीएलपी-1 कैक पटींनी उसळतं. ज्या इंजेक्शनांची हल्ली घरोघरी चर्चा आहे, ती याच रेणूची नक्कल करतात.

आणि आतडं स्वतः काय करतं ते ऐका. बॉस्टनच्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं की बायपास केलेल्या उंदरांमध्ये अन्नाच्या नव्या वाटेवरचं आतडं जाडजूड होतं, आणि ही वाढ भागवण्यासाठी रक्तातलं ग्लुकोज स्वतःच ओढून घेतं. अन्न शोषून साखर रक्तात पाठवणारा अवयव साखरेचं गिऱ्हाईक होतो. त्याच वर्षी बॉस्टनमध्येच आणखी एक प्रयोग झाला. बायपास झालेल्या उंदरांच्या पोटातले जिवाणू ज्यांच्या आतड्यात एकही जंतू नाही अशा उंदरांना दिले, आणि सुरीचा स्पर्शही न झालेल्या त्या उंदरांचं वजन उतरलं.

आता ताटाकडे येऊ. डिस्चार्जच्या वेळी डाएटिशियन जो कागद हातात देतात, तो पहिल्यांदा वाचला की सासूने घातलेल्या नियमांसारखा वाटतो. पहिले काही दिवस फक्त पाणी, ताक, सूप. मग दाट द्रवपदार्थ, मग वाटलेलं, मग मऊ. घास तोंडातच पातळ होईपर्यंत चावा. जेवताना पाणी नको, नंतरही अर्धा तास नको. आधी प्रथिनं. एकेका नियमामागे वर सांगितलेली सगळी यंत्रणा उभी आहे.

चावण्याचंच घ्या. घास बारीक दळून पुढे पाठवणारं जठर आता जवळजवळ नाही, मग ते काम दातांनी करायचं. घाईत गिळलेला पोळीचा तुकडा किंवा चिकट भाताचा गोळा छातीत अडकल्यासारखा होतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि माणूस बेसिनकडे धावतो. शिवाय आतड्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. वीस मिनिटं खाणारा तो ऐकतो. पाच मिनिटांत आटपणाऱ्याला तो कळतो तेव्हा दोन घास जास्तीचे झालेले असतात, आणि इथे दोन घास म्हणजे फार.

प्रथिनांना पहिला मान, कारण जागा एवढीशी आणि गरज दिवसाला किमान 60 ग्रॅम. वजन झपाट्याने उतरताना शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं, आणि स्नायू गेले की बसल्या जागी जळणारी ऊर्जाही घटते. अंडं, मासळी, चिकन खाणाऱ्याला हे त्यातल्या त्यात सोपं. शाकाहारी मराठी घरात मात्र गणित बसवावं लागतं. आपलं पातळ वरण चवीला उत्तम, पण वाटीत डाळ कमी आणि पाणी जास्त! म्हणून घट्ट मुगाचं वरण, पनीर, टांगलेलं दही, सोया, आणि सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेकदा प्रथिनांची पावडरही. भात-पोळी त्यानंतर, जागा उरली तर.

आणि गोड? बायपास झालेल्या माणसाने वाटीभर आमरस घटाघटा प्यायला की साखरेचा लोंढा सरळ लहान आतड्यात उतरतो. तो पातळ करायला शरीर रक्तातलं पाणी आतड्यात ओढतं. छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो. तासा-दोन तासांनी इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटून साखर खाली घसरते आणि हातपाय थरथरतात. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. स्लीव्हनंतर हा त्रास बराच कमी असतो, आणि माझ्या मते म्हणूनच स्लीव्हवाल्यांनी गोडाच्या बाबतीत जास्त सावध राहावं, कारण त्यांना रागावणारं कुणी नाही. दारूचंही तसंच. ती इतक्या वेगाने रक्तात चढते की पूर्वी पचणारा पेग आता पचत नाही.

मग काहींचं वजन परत का चढतं? साधारण दीड-दोन वर्षांनी काटा तळाला पोचतो आणि बहुतेकांचं थोडंफार वजन त्यानंतर वाढतंच. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत 32 टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा 25 टक्क्यांनी कमी होतं. ऑपरेशन न केलेल्यांचं वजन एवढ्या काळात जवळपास होतं तिथेच होतं. मला यातलं परत आलेल्या सात टक्क्यांपेक्षा टिकलेल्या पंचवीसचं नवल जास्त वाटतं. पण सातामागचं कारण रंजक आहे. लहान पिशवी घट्ट अन्नाला अडवते. शेव, चिवडा, वेफर्स, बिस्किटं मात्र लाळेत विरघळतात, आणि साखरेचा चहा, मिल्कशेक, आइस्क्रीम सरकून जातात. अडवायला तिथे काहीच नसतं. एका बैठकीत कुणी बकाबका खात नाही, पण येता-जाता डब्यात हात जातो, आणि दिवसाअखेरी हिशेब पूर्वीइतकाच होतो. शिवाय मुळातली भूक थोडी परतते, फ्लोट वर सरकू पाहतो. यात आळस किंवा लबाडी शोधणं चुकीचं आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे परत जावं. औषधं आहेत, आणि गरज पडली तर पुन्हा ऑपरेशनही होतं.

आपल्या लोकांसाठी याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, हुबेहूब 22.3. शरीरातली चरबी? युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. बाहेरून बारीक, आतून चरबीदार! म्हणूनच आशियाई माणसांत 25 बीएमआयलाच लठ्ठपणा धरतात आणि 27.5 पासून ऑपरेशनचा विचार होऊ शकतो. एरवी ऑपरेशनची ही रेषा 35, मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर 30.

याज्ञिकांच्याच गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत बी-12 कमी निघालं. ऑपरेशनशी याचा संबंध काय? बी-12 चा प्रवास पाहा. अन्नाला चिकटलेलं हे जीवनसत्त्व जठरातलं आम्ल सोडवतं. लगेच लाळेतून आलेलं एक प्रथिन त्याला कवेत घेतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचे पाचकरस ते प्रथिन मोडतात, मग जठराच्याच पेशींनी तयार केलेलं दुसरं प्रथिन त्याचा हात धरतं आणि थेट आतड्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत सोबत करतं. त्या सोबत्याशिवाय तिथलं दार उघडत नाही. जठर कापलं किंवा वगळलं की आम्लही घटतं आणि सोबतीही. म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं आयुष्यभर, जोडीला लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. कॅल्शियमही सहसा सायट्रेटच, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल जास्त लागतं.

यातली खरी मेख यकृतात आहे. यकृत बी-12 चा एवढा साठा करून ठेवतं की आवक बंद झाली तरी तो काही वर्षं पुरतो. ऑपरेशननंतर तिसऱ्या वर्षी माणूस ठणठणीत असतो, गोळ्यांचा कंटाळा येतो, बंद केल्या तरी काही बिघडत नाही. मग कधीतरी तळपायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि कुणालाच जुन्या ऑपरेशनची आठवण होत नाही. जन्मभर शाकाहारी असलेल्या पुणेकराच्या बाबतीत तर ही मुदत आणखी छोटी, कारण त्याच्या यकृतातली शिल्लक ऑपरेशनच्या दिवशीच तुटपुंजी असू शकते. म्हणून त्याची बी-12 ची तपासणी टेबलावर जाण्याआधीच करून घ्यायची, आणि पुढे दरवर्षी.