एक खुर्ची, दोन पदव्या

पालघर जिल्ह्यात तारापूर-बोईसर पट्ट्यातल्या एखाद्या आरोग्य उपकेंद्रात जा. पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं असतं. आत टेबलाशी बसलेली व्यक्ती बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवीधर, असली तर लोक तिला ‘डॉक्टर’ म्हणतात आणि बीएस्सी नर्सिंग असली तर ‘सिस्टर’. सरकारदरबारी मात्र दोघांचं पद एकच आहे : समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजेच सीएचओ. काम तेच आणि मानधनही तेच, पण हाक वेगळी. या वेगळ्या हाकेमागे एक जुनी चढाओढ आहे. ती समजून घ्यायला थोडं लांबून यावं लागतं.

अमेरिकेतली जुळी भावंडं

डॉक्टर आणि नर्स यांच्या मधल्या पायरीवरचे दोन पेशे अमेरिकेत एकाच वर्षी, १९६५ मध्ये उभे राहिले. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ घडवायला घेतल्या. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय साहाय्यकांना घेऊन ‘फिजिशियन असिस्टंट’चा वर्ग सुरू केला.

स्टेड यांना आधी नर्सच हव्या होत्या. थेल्मा इंगल्स या नर्सच्या साथीने त्यांनी तसा अभ्यासक्रम आखलाही होता, पण नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेने तो नाकारला. डॉक्टरांनी शिकवलेली, डॉक्टरांची कामं करणारी नर्स त्या संस्थेला मंजूर नव्हती. मग स्टेड नौदलाच्या माणसांकडे वळले. दोन पेशांमधली रेघ पडली ती अशी. नर्स प्रॅक्टिशनरचा परवाना नर्सिंगच्या घरचा, तर फिजिशियन असिस्टंट डॉक्टरांच्या पंखाखालचा. आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रुग्ण तपासतात. फिजिशियन असिस्टंटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ‘असिस्टंट’ काढून ‘असोसिएट’ हे नाव घेतलं.

भारतात दोन्ही आले, पण वेगळ्या दारांनी

फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईत, हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झालं. हा पेशा राहिला तो मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने त्याला आपल्या यादीत जागा दिली. नर्सिंगचा कायदा वेगळा आणि परिषदही वेगळी. इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. प्रसूतीसाठी अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २०१८ मध्ये काढली.

खेड्यातली चढाओढ मात्र या दोन नावांनी चालत नाही. तिचं नाव सीएचओ.

उपकेंद्रात नवी खुर्ची

सपाट भागात ५,००० आणि आदिवासी किंवा डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. वर्षानुवर्षं ही जागा आरोग्यसेविकेची, म्हणजे एएनएम सिस्टरची होती. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि तिच्याबरोबर उपकेंद्रात सीएचओची खुर्ची आली. मधुमेह-रक्तदाबाची तपासणी, गरोदर मातांची देखभाल, औषधवाटप, ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरांशी रुग्णाची गाठ घालून देणं, ही तिची कामं.

अनेक राज्यांनी या पदावर मुख्यतः नर्सच घेतल्या. महाराष्ट्राने आयुर्वेद, युनानी आणि बीएस्सी नर्सिंग या तिन्ही पदवीधरांना दार उघडलं. त्यासाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण ठेवलं. राज्यातल्या भरतीच्या जाहिरातींत २५,००० रुपये मानधन आणि १५,००० रुपयांपर्यंत कामावर आधारित मोबदला, असा हिशेब दिसतो. नेमणूक कंत्राटी.

कुरबुर नेमकी कशाची

पहिला मुद्दा औषधाच्या चिठ्ठीचा. राज्य सरकारच्या अधिसूचनेमुळे महाराष्ट्रात बीएएमएस डॉक्टर आपल्या शिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधंही देऊ शकतात. नर्सला स्वतःच्या नावावर तसा अधिकार नाही. ती ठरवून दिलेल्या सूचनांनुसार आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने औषध देते. एकाच खुर्चीवरच्या दोघांच्या सहीचं वजन असं कमी-जास्त.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. बाळंतपण, लसीकरण, घरभेटी, नोंदवह्या हे नर्सिंगच्या शिक्षणातच मुरलेलं असतं. ‘काम आम्हाला येतं, मान त्यांना मिळतो’ हे नर्सचं दुखणं. ‘साडेचार वर्षं शिकून आणि वर 'इंटर्नशिप' करून नर्सच्याच पदावर’ हे बीएएमएसचं. दोन्ही गाऱ्हाण्यांत तथ्य आहे.

तिसरा मुद्दा घरातला. उपकेंद्राच्या चमूचं नेतृत्व सीएचओकडे दिलं आहे. जिल्हा परिषदेच्या सेवेत केस पिकलेल्या आरोग्यसेविकेने काल आलेल्या कंत्राटी तरुणाचं ऐकायचं. गाव ओळखते ती आणि उद्दिष्टांचा हिशेब द्यायचा त्याने. दोघांच्या मध्ये सापडते ती गावातली आरोग्य स्वयंसेविका, आशाताई.

वरच्या मजल्यावरचा विरोध

एमबीबीएस डॉक्टरांच्या संघटनांना ही मधली पायरीच नको आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये ‘सामुदायिक आरोग्य सेवादात्यां’ना मर्यादित परवाना द्यायची तरतूद आहे. त्याविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने ३१ जुलै २०१९ रोजी देशभर चोवीस तासांचा संप केला. कमी शिकलेल्यांच्या हाती खेड्यातला रुग्ण सोपवणं म्हणजे त्याला दुय्यम मानणं, हा त्यांचा आक्षेप.

हा वादही जुनाच. मुंबई इलाख्यात एलसीपीएस डॉक्टर कमी मुदतीचं शिक्षण घेऊन गावोगाव दवाखाने चालवत. १९४६ च्या भोर समितीने असे परवानाधारक अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा, असं सुचवलं. समितीतल्या काही सदस्यांनी त्याला लेखी असहमती नोंदवली होती. डॉक्टर एकाच दर्जाचा झाला, पण तो खेड्यात पुरेसा पोचला नाही. सीएचओची खुर्ची त्या रिकाम्या जागेत मांडली आहे.

एकच जिल्हा, दोन चित्रं

पालघर जिल्ह्यात ही रिकामी जागा फार स्पष्ट दिसते. बोईसरला औद्योगिक वसाहत आहे, स्टेशन आहे, खासगी दवाखाने आहेत. तिथे उपकेंद्रातली खुर्ची रिकामी राहिली तरी कामगार दुसरं दार ठोठावतो. मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर ते दुसरं दार घाटाखाली असतं. १९९२-९३ मध्ये इथल्याच वावर-वांगणी गावांतल्या बालमृत्यूंनी या डोंगराकडे राज्याचं लक्ष वेधलं होतं. तिथे तापाने फणफणलेलं मूल घेऊन आलेल्या आईला समोरच्या माणसाची पदवी विचारायला सवड नसते. तो आज हजर आहे का, एवढंच तिला हवं असतं.

मग उपाय काय

अधिकार पदवीला न चिकटवता पदाला जोडावेत. सीएचओने कोणती औषधं स्वतः द्यायची, कोणती वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारून आणि कोणता रुग्ण लगेच पुढे पाठवायचा, हे बीएएमएस आणि नर्स दोघांसाठी एकाच शब्दांत लिहिलेलं असावं. त्यासाठी लागणारं प्रशिक्षणही दोघांना सारखंच मिळावं. आरोग्यसेविका आणि सीएचओ यांच्या कामाची वाटणीही त्याच कागदावर यावी.

उपकेंद्राच्या भिंतीवर मिळणाऱ्या सेवांची यादी असतेच. प्रत्येक सेवेसमोर ती कोण देणार, हा एक रकाना वाढवायचा. मग गावकरी खुर्चीवरच्या माणसाला डॉक्टर म्हणोत की सिस्टर, त्याच्या सहीचं वजन हाकेवर ठरणार नाही.